करायची काळजी आणि घ्यायची काळजी

(हरेगावच्या मतमाउली यात्रेत झालेले कीर्तन. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेताना बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

पूर्वरंग

प्रभू येशू ख्रिस्ताच्या पवित्र नावाला वंदन. त्याला नऊ महिने पोटात आणि पुढे आयुष्यभर काळजात वागवणाऱ्या मतमाउलीला वंदन. ज्या गुरुजींनी माझ्या हातात चिपळ्या दिल्या, त्यांना वंदन. आणि पायी, टेम्पोत, एसटीत उभ्याने, कसे का होईना, पण इथवर पोहोचलेल्या तुम्हा सर्व मायबाप भाविकांना वंदन.

आज निरूपणाला मत्तयलिखित शुभवर्तमानाचा सहावा अध्याय घेतला आहे, वचने २५ ते ३४. डोंगरावरच्या प्रवचनातला हा भाग. तुमच्यापैकी अनेकांना तो तोंडपाठ असेल. आकाशातली पाखरं, रानातली फुलं, शलमोन राजाचा थाटमाट, सगळं त्यात आहे. या दहा वचनांत प्रभू एकच गोष्ट तीन वेळा बजावतो, की चिंता करत बसू नका. आता मला सांगा, जाणता माणूस एखादी गोष्ट तीन तीनदा केव्हा सांगतो? समोरचा ऐकत नाही तेव्हा! आई पोराला ‘दार लावून घे’ हे एकदाच सांगते का? प्रभूला ठाऊक होतं, ही मंडळी एकदा सांगून ऐकणारी नाहीत.

चिंता आणि चिता यांत एका टिंबाचा फरक, हे तुम्ही आजवर शंभर कीर्तनांत ऐकलं असेल. ते मी आज सांगणार नाही. ते ऐकून कुणाची चिंता गेलेली मी पाहिली नाही. उलट आपल्याला चिंता लागली आहे, हीच एक नवी चिंता घेऊन माणूस घरी जातो. (हशा)

मंडपात शिरताना आपण चपला बाहेर काढल्या. पण सोसायटीच्या कर्जाचा हप्ता बाहेर काढून ठेवता येतो का? मुलीचं जमत नाही, पोराची भरती निघत नाही, कांद्याला भाव नाही, मालकांच्या तपासणीचा रिपोर्ट सोमवारी यायचा आहे. हे सगळं बरोबर घेऊनच आपण बसलो आहोत. हात मेणबत्ती लावतात आणि मन हप्त्याची तारीख मोजत असतं. यासाठी मी कुणाला बोल लावत नाही. मला आज एवढंच पाहायचं आहे, की प्रभूने मना केली ती नेमकी कोणती गोष्ट, आणि मना केली नाही ती कोणती.

आपली मराठी मोठी चतुर भाषा आहे. चिंतेला आपला रोजचा शब्द कोणता? काळजी. काळीज आणि काळजी, दोघी शेजारणी. आता नीट ऐका हं. मराठीत काळजी करतातही आणि काळजी घेतातही. शब्द एकच, पण क्रियापद बदललं की सगळं बदलतं.

नातवाला ताप आला. एक आजी उंबऱ्यात बसून कपाळाला हात लावते, ‘कसं व्हायचं गं बाई’ म्हणते, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, रात्रभर जागते आणि सकाळी स्वतःच आजारी पडते. दुसरी आजी कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवते, औषधाची वेळ बघते, पोराला पाणी पाजते, आणि ताप उतरेना म्हटल्यावर दवाखान्यात घेऊन जाते. पहिलीने काळजी केली. दुसरीने काळजी घेतली. प्रेम दोघींचं सारखंच, बरं का! पहिलीला कमी समजू नका. पण पोराचा ताप कुणाच्या हाताने उतरला?

शेतात कांदा काढून पडलाय आणि आभाळ भरून आलंय. आभाळाकडे टक लावून पाऊस थांबत नाही. ताडपत्री ओढून कांदा झाकता येतो. झाकल्यावर मात्र घरात येऊन झोपावं. ताडपत्रीच्या वरचं आभाळ तुमच्या सात-बाऱ्यावर नाही.

प्रभूने मना केली ती करायची काळजी. घ्यायची काळजी त्याने कधीच मना केलेली नाही. तो स्वतः कशी घेतो बघा. लोक आजारी दिसले, बरं केलं. उपाशी दिसले, जेवू घातलं. याईराच्या मुलीला मरणातून उठवलं आणि लगेच घरच्यांना काय सांगितलं? पोरीला काही खायला द्या. एवढा मोठा चमत्कार करून त्याला पोरीच्या भुकेची आठवण राहिली. याला काळजी घेणं म्हणतात.

(येथे धृपद म्हटले गेले.)

आता कुणी म्हणेल, बुवा, हे देवाच्या पुत्राला जमलं, आमच्यासारख्या संसारी माणसांचं काय? मग संसारी माणसाचंच उदाहरण घेऊ. जिच्या यात्रेला आलोय, तिच्याकडेच बघू.

मतमाउलीने काळजी केली नाही असं शुभवर्तमान म्हणत नाही. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बघा. वल्हांडण सणाला सगळं कुटुंब यरुशलेमच्या यात्रेला गेलं. येशू १२ वर्षांचा. यात्रा संपली, मंडळी परत निघाली, एक दिवसाची वाट चालून गेली, आणि लक्षात आलं की पोरगं बरोबर नाही. आता हे तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको. इथे भोंग्यावरून सकाळपासून काय चाललंय? ‘निळा शर्ट घातलेला मुलगा, जिथे असेल तिथून त्याला कार्यालयाजवळ आणावे.’ त्या भोंग्याखाली उभ्या असलेल्या आईचं तोंड बघा, म्हणजे माउलीला त्या दिवशी काय झालं असेल ते कळेल. मुलगा सापडायला तीन दिवस लागले. सापडल्यावर तिने सरळ सांगितलं, की तुझा बाप आणि मी जीव टांगणीला लावून तुला शोधत होतो. लपवलं नाही. ‘माझा विश्वास आहे, मला काही वाटलं नाही’ असं ती म्हणाली नाही. पण तिची काळजी एका जागी बसून राहिली नाही. आली त्या वाटेने ती माघारी फिरली आणि शोधत शोधत मंदिरापर्यंत गेली.

दुसरी गोष्ट काना गावच्या लग्नाची. द्राक्षारस संपला. यजमानाची अब्रू जायची वेळ. माउलीने काय केलं? मुलाला नेमक्या शब्दांत सांगितलं, की यांच्याकडे द्राक्षारस उरला नाही. बस. कसं कर, कुठून आण, किती आण, हे काही नाही. मग नोकरांकडे वळली आणि म्हणाली, हा सांगेल तसं करा. तिथे दगडाचे सहा रांजण होते. नोकरांनी ते काठोकाठ पाण्याने भरले. आता विचार करा, नळ नव्हता. विहिरीवरून पाणी शेंदून सहा रांजण भरायचे म्हणजे पाठ मोडायचं काम. आणि मागणी होती द्राक्षारसाची, हे भरत होते पाणी! तरी त्यांनी अर्धे भरून ठेवले नाहीत. सांगणं माउलीचं, भरणं नोकरांचं आणि पालटणं प्रभूचं. आपली गडबड कुठे होते? रांजण रिकामे ठेवून आपण द्राक्षारसाची काळजी करत बसतो. जे आपलं आहे ते राहतं, आणि जे त्याचं आहे त्यात रात्र जाते.

आता पाखरांकडे येऊ. पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारं भरत नाहीत, तरी स्वर्गातला पिता त्यांना खाऊ घालतो, असं प्रभू सांगतो. हे ऐकून काही जण म्हणतात, मग आम्हीही बसून राहतो. अरे, पण चिमणी बसून राहते का? ती तुमच्याआधी उठते. दिवसभर दाणा शोधते, काड्या गोळा करते, पिलांच्या चोचीत घास भरते. एकच गोष्ट ती करत नाही. उद्याच्या दाण्यासाठी आजची झोप मोडत नाही.

जुन्या करारात मन्नाची गोष्ट आहे. इस्राएल लोक रानात होते, देवाने आकाशातून अन्न दिलं. रोज सकाळी ज्याला लागेल तेवढं वेचायचं. काहींनी उद्यासाठी म्हणून लपवून ठेवलं. सकाळी बघतात तर किडे पडलेले, दुर्गंधी सुटलेली. उद्याची काळजी आज साठवली की तिचं असंच होतं. पण पुढचं वाचा, ते फार जण सांगत नाहीत. शब्बाथाच्या आदल्या दिवशी देवानेच दुप्पट वेचायला सांगितलं, आणि ते मात्र नासलं नाही. योसेफाने मिसर देशात सात वर्षं धान्य साठवलं ते देवाच्याच सूचनेवरून. म्हणून पैसे बाजूला टाका, पिकाचा विमा काढा, पोरांच्या शिक्षणाची तजवीज करा. तजवीज म्हणजे घ्यायची काळजी. तजवीज करून झाल्यावर जे रात्री दोन वाजता डोक्यात फिरत राहतं, ती करायची काळजी.

आता एक खडा प्रश्न. कुणी म्हणेल, बुवा, दुष्काळात पाखरंसुद्धा मरून पडतात. आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. खरं आहे. आणि हे प्रभूला ठाऊक नव्हतं असं समजू नका. याच मत्तयाच्या दहाव्या अध्यायात तो बाजारात कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या चिमण्यांविषयी बोलतो. तिथे चिमणी पडतच नाही असं तो म्हणत नाही. पडते, पण पित्याच्या नजरेआड पडत नाही, असं म्हणतो. म्हणजे वचन कशाचं आहे? काहीच वाईट होणार नाही याचं वचन नाही. काहीही झालं तरी तुम्ही त्याच्या नजरेबाहेर जाणार नाही, याचं आहे. मी तुम्हाला याहून स्वस्त माल विकणार नाही.

(येथे धृपद म्हटले गेले.)

काही वर्षांपूर्वी एका गावी कीर्तन संपल्यावर एक बाई थांबली. मंडप रिकामा झाला तेव्हा जवळ आली आणि म्हणाली, ‘बुवा, मी रोज जपमाळ करते, उपास करते, तरी रात्री छातीत धडधडतं, हात गार पडतात. घरचे म्हणतात, तुझा विश्वास कमी आहे. खरंच कमी आहे का?’

मायबापहो, हा प्रश्न एका बाईचा नाही. या मंडपात आत्ता तो घेऊन बसलेले किती तरी असतील. त्या सगळ्यांना मला गेथशेमाने बागेत न्यायचं आहे. गेथशेमाने म्हणजे तेलाचा घाणा. जैतुनाच्या डोंगराखाली ही बाग. उद्या वधस्तंभ आहे हे प्रभूला कळलेलं. तीन मित्रांना त्याने जवळ घेतलं आणि सांगितलं, की माझा जीव मरणाइतका कष्टी झाला आहे, तुम्ही माझ्याजवळ जागे राहा. पुढे जाऊन जमिनीवर पालथा पडला. तीनदा तीच प्रार्थना केली, की हा प्याला टळत असेल तर टळो, पण माझ्या मनासारखं नको, तुझ्या मनासारखं होवो. लूक सांगतो, घामाच्या धारा रक्ताच्या थेंबांसारख्या जमिनीवर पडत होत्या. आता सांगा, ज्याच्या घामाने जमीन भिजली, त्याचा विश्वास कमी होता?

आणि त्या वेळी पेत्र काय करत होता? झोपला होता! गाढ! त्याला कसली काळजी नव्हती, धडधड नव्हती. मग पेत्राचा विश्वास मोठा आणि प्रभूचा लहान म्हणायचा का? म्हणून पुन्हा कुणाला घाम फुटलेला दिसला, तर ‘तुझा विश्वास कमी’ असं म्हणू नका. प्रभूने मित्रांकडे उपदेश मागितला नव्हता. जवळ जागे राहा, एवढंच मागितलं होतं. तेवढं तुम्हा-आम्हालाही जमण्यासारखं आहे.

त्या रात्री प्याला टळला नाही. पण लूक म्हणतो, स्वर्गातून दूत आला आणि त्याने त्याला बळ दिलं. जमिनीवर पालथा पडलेला प्रभू उठला आणि धरायला आलेल्यांच्या समोर स्वतः चालत गेला.

आता पेत्राची दुसरी झोप ऐका. प्रेषितांची कृत्ये, अध्याय बारा. हेरोद राजाने त्याला तुरुंगात टाकलं. उद्या लोकांपुढे उभं करायचं. दोन साखळ्यांनी बांधलेला, दोन शिपायांच्या मधोमध, आणि हा गडी झोपला आहे. दूताला कुशीत ढोसून उठवावं लागलं. एकाच माणसाच्या दोन झोपा. पहिल्या झोपेत पुढे काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्या झोपेत सगळं माहीत होतं आणि तरी झोप लागली. या दोन झोपांच्या मध्ये काय घडलं? उठलेला प्रभू त्याला भेटला. ज्याला आपण तीनदा नाकारलं, त्याने आपल्याला टाकलं नाही, हे पेत्राला कळलं. आणि हाच पेत्र पुढे पत्रात लिहितो, की तुमच्या सगळ्या चिंता त्याच्यावर टाका, कारण त्याला तुमची काळजी आहे. कोळ्याच्या तोंडी ‘टाका’ हा शब्द बघा. जाळं टाकायचं तर मूठ सोडावी लागते. दोरी हातात राहते, जाळं नाही. आणि पेत्र तुरुंगात झोपला होता तेव्हा मंडळी कुठे होती? मार्कच्या आईच्या घरी जमून त्याच्यासाठी प्रार्थना करत होती. एकाला झोप लागावी म्हणून इतरांनी जागावं लागतं.

एलिया संदेष्ट्याचं सांगतो, मग पुढे जाऊ. एवढा मोठा संदेष्टा, पण राणीच्या भीतीने रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, पुरे झालं, माझा जीव घे. देवाने त्याला रागावलं नाही. प्रवचनही दिलं नाही. झोपू दिलं. उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं. आणि म्हणाला, तुला पुढचा प्रवास झेपणार नाही, खा.

आपल्या भागात कर्जापायी, नापिकीपायी घरं उद्ध्वस्त झालेली आपण पाहिली आहेत. म्हणून हे स्पष्ट बोलतो. ज्याच्या मनात ‘पुरे झालं’ येतंय, त्याने तो विचार आज रात्री एकट्याने घरी नेऊ नये. शेजारी बसलेल्याला सांगा, फादरना सांगा, मला सांगा. कित्येक दिवस झोप नाही, जेवण जात नाही, छाती धडधडते, तर डॉक्टरकडे जा. लूक स्वतः वैद्य होता. पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. साखरेची गोळी घेताना कुणी म्हणत नाही की तुझा विश्वास कमी. मग मनाच्या औषधाची लाज कशाला? सरकारची टेलिमानस म्हणून सेवा आहे, फोन क्रमांक १४४१६. त्यावर मराठीत बोलता येतं. मोबाईलमध्ये लिहून घ्या, आत्ताच घ्या, मी थांबतो. औषध घेणं हीसुद्धा घ्यायचीच काळजी आहे.

आता शेवटचा मुद्दा, टाकायची कशी? पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलं आहे, की कसलीही चिंता करत बसू नका, सगळं काही प्रार्थनेत, आभार मानून, देवाला कळवा, म्हणजे देवाची शांती तुमच्या मनाचं राखण करील. हे पत्र त्याने कैदेतून लिहिलं, माडीवर पंख्याखाली बसून नाही. राखण करील हा मूळ ग्रीक शब्द पहाऱ्याचा आहे, शिपाई पहारा देतात तसा. पौलावर रोमी शिपायांचा पहारा होता. त्यांच्याकडे बघतच त्याला सुचलं असेल, की हे मला अडवायला उभे आहेत, पण माझ्या मनाच्या दारावर दुसराच एक पहारेकरी आहे.

कळवा म्हणजे नेमकं कळवा. ‘देवा, सगळ्यांचं भलं कर’ ही प्रार्थना चांगली आहे, पण ती मोघम आहे. ‘देवा, गुरुवारी वसुलीचा माणूस येणार आहे, माझ्याकडे निम्मेच पैसे आहेत’ ही खरी प्रार्थना. माउलीने कानात तसंच नेमकं सांगितलं होतं. मग स्वतःला विचारा, यात माझ्याकडचे रांजण किती? वसुलीच्या माणसाला आधीच भेटून मुदत मागणं, भावाशी बोलणं, हे माझे रांजण. ते काठोकाठ भरायचे. उरलेलं त्याच्या नावावर. आणि आभार कशाबद्दल? आज जे मिळालं त्याबद्दल. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो ती आजची. वर्षाची पोती मागत नाही.

(येथे धृपद म्हणून पूर्वरंग संपवला.)

उत्तररंग

आख्यानासाठी फार लांब जायचं नाही. केडगावला जायचं. आपल्या नगरजवळचं नव्हे, पुणे-दौंड रेल्वेवरचं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, ठिकठिकाणी पुराण सांगत फिरायचं. म्हणजे तुमच्यासारखेच यात्रेकरू आणि आमच्यासारखेच कथेकरी. दक्षिणेत दुष्काळ पडला. १८७४ च्या सुमारास काही महिन्यांत वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी देशभर पायी हिंडले. १८७८ मध्ये कोलकात्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या मुलीची विद्वत्ता पाहून तिला पंडिता म्हटलं, सरस्वती म्हटलं. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, मुलगी झाली, मनोरमा, आणि १८८२ मध्ये पती पटकीने गेले. वय २३, पदरात लहान लेक. काळजी करायचा अधिकार कुणाला असेल तर या बाईला होता.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेला गेल्या. परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांसाठी, आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. अमेरिकेतल्या स्नेह्यांनी दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं होतं. दहा वर्षं म्हणजे मोजकी मुदत. त्यानंतर काय? रमाबाईंनी दोन गोष्टी केल्या. प्रार्थना केली, आणि केडगावला माळरान घेऊन त्यात फळझाडं लावली, की पुढे मुलींचं पोट या बागेवर भरावं. बघा, रांजण भरायला घेतले!

एवढ्यात १८९६ चा दुष्काळ आला, मध्य प्रांतातला. पैसा नव्हता, जागा पुरी पडत नव्हती. जिने स्वतः दुष्काळात आईबाप गमावले, ती बाई पुन्हा दुष्काळ बघायला निघते तेव्हा तिच्या पोटात काय कालवत असेल? पण गेल्या. तीनशेच्या आसपास मुलींचा सांभाळ करायचा निश्चय केला आणि एकेक आणू लागल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग. मग मुलींना केडगावच्या त्या माळावर नेलं. फळबागेसाठी घेतलेली जमीन घरासाठी कामी आली. तेच मुक्ती. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, आणखी बायका-मुली आल्या. माळावर दीड हजारांवर जीव झाले.

दीड हजार माणसांचं रोजचं पाणी म्हणजे किती, याचा हिशोब करा. तो भाग कोरडा. रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचं चरित्र वाचलं होतं. ते हजारो अनाथ मुलांना केवळ देवाकडे मागून सांभाळत. रमाबाईंनीही तसंच मागितलं. आणि मागता मागता विहिरी खोदल्या. पुन्हा सांगतो, प्रार्थना केली आणि विहिरी खोदल्या. पाणी देवाने द्यायचं, कुदळ आपण मारायची. शेती काढली, विणकाम काढलं, छापखाना काढला, त्यावर मुलींनीच खिळे जुळवायचे. अंध बायकांना ब्रेल शिकवायची सोय केली. जी मुलगी दुष्काळात हाडांचा सापळा होऊन आली, तिच्या हाताला काम दिलं. काम मिळालं की हाताची थरथर थोडी कमी होते, हे त्या जाणत होत्या.

आता शेवट. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचं भाषांतर करत होत्या, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. वय झालं होतं, कानांनी नीट ऐकू येत नव्हतं. आपल्या मागे सगळा पसारा मनोरमा बघेल, असं सगळे धरून होते. आणि १९२१ साली मनोरमा गेली. एकुलती एक लेक, आईच्या आधी.

मायबापहो, इथे मी तुम्हाला चमत्कार सांगणार नाही. प्याला टळला नाही. दीड हजार लेकरांना वाचवणाऱ्या बाईची स्वतःची लेक वाचली नाही. मग विश्वासाने काय दिलं? रमाबाई दुसऱ्या दिवशी उठू शकल्या, हे दिलं. हातातलं काम हातात राहिलं. भाषांतराची मुद्रितं त्या तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. त्यांचं भाषांतरित शास्त्र १९२४ मध्ये पूर्ण छापून निघालं, मुक्तीच्याच छापखान्यात. आणि मुक्ती आजही आहे. माझ्यामागे कसं होईल, या प्रश्नाचं उत्तर त्यांना जिवंतपणी मिळालं नाही. ते उत्तर त्याच्याकडे होतं. त्यांच्याकडे त्या दिवसाचं पान होतं, ते त्यांनी तपासलं.

(येथे धृपद म्हटले गेले. सर्वजण उभे राहिले.)

आता डोळे मिटा. आपापल्या मनातली एकच काळजी निवडा, सगळ्यात जड असेल ती. तिचं नाव मनातल्या मनात घ्या.

हे प्रभू येशू, घाण्यासारखी पिळणारी रात्र तू पाहिली आहेस, म्हणून आम्ही तुझ्यापाशी बोलायला लाजत नाही. ही आमची काळजी. हिच्यात आमच्या वाटणीचं जे असेल ते आम्हाला दाखव, आणि ते करायला हातात बळ दे. उरलेलं तू ठेव. ज्यांना आज रात्री झोप येणार नाही, त्यांच्याजवळ कुणाला तरी जागं ठेव. ज्यांचा प्याला टळणार नाही, त्यांच्याकडे दूत पाठव. माउली, तू कानात जसं सांगितलंस, तसं आमचंही त्याच्या कानावर घाल. आणि आजच्या भाकरीबद्दल, देवबापा, तुझे आभार. आमेन.

बोला, प्रभू येशू ख्रिस्त की जय! मतमाउली की जय!

सावकाश उठा. म्हाताऱ्या माणसांना आधी वाट द्या, पोरांचे हात धरा. आणि शेजारी जो बसला होता, त्याला जाता जाता एवढं विचारा, ‘तुमचं कसं चाललंय?’ विचारलंत की उत्तर ऐकेपर्यंत थांबा.